बघायचं कुणी?

७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्समधल्या पिकार्डी भागात दोन विमानं समोरासमोर आदळली. एक लंडनजवळच्या क्रॉयडनहून टपाल घेऊन पॅरिसकडे निघालेलं, दुसरं पॅरिसच्या ल बुर्जे विमानतळावरून तीन प्रवासी घेऊन लंडनकडे. हवा धुकट होती, म्हणून दोन्ही पायलट खाली उतरून एका रस्त्यावर नजर ठेवून चालले होते. रस्ता दोघांचा एकच होता. दोन्ही विमानांतले मिळून सातही जण गेले. प्रवासी वाहतुकीच्या विमानांची हवेतल्या हवेत झालेली ही पहिली टक्कर.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्यातली विसंगती सोडवेना. १९२२ साली युरोपच्या आकाशात असून असून विमानं असणार किती? एवढ्या मोठ्या पोकळीत दोन विमानं एकमेकांना सापडावीत कशी? पण मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, आणि थोडा विचार केल्यावर हा प्रश्न ओळखीचा निघाला. हजार खणांचं कपाट केलं तरी सगळे आपापली वस्तू त्याच चार खणांत ठेवायला येतात, हे आमच्याकडे रोजचं आहे. आकाश रिकामं असलं तरी वाटा रिकाम्या नसतात. वाट दाखवणारी खूण एकच असेल, तर तिच्यामागून जाणारे कधीतरी भेटणारच.

अपघातानंतर विमान कंपन्यांची ल बुर्जेला बैठक झाली. खुणेच्या उजव्या बाजूनं उडायचं, ठरलेले मार्ग आखायचे, विमानात रेडिओ हवा, असं तिथे ठरलं. रस्त्यावरच्या बैलगाडीला लागू पडेल असाच नियम, फक्त हवेतला. पण त्यामागे एक गोष्ट सगळ्यांनी गृहीत धरली होती, आणि पुढे तीसचाळीस वर्षं ती कुणी मनापासून तपासली नाही: पायलटला समोरचं विमान दिसेल, आणि दिसलं की तो बाजूला होईल. इंग्रजीत या तत्त्वाला नाव पडलं ‘सी अँड बी सीन’. बघा आणि दिसा.

हवाई वाहतूक सेवांचा इतिहास साधारणपणे यंत्रांचा इतिहास म्हणून सांगतात. टॉवर आला, रेडिओ आला, रडार आलं. मला तो एका प्रश्नाचा इतिहास वाटतो. दोन विमानं एकमेकांपासून लांब राहतील हे बघायचं कुणी? आज जगभरच्या हवाई नकाशांवर ए, बी, सी, डी, ई, एफ, जी अशी सात अक्षरं छापलेली असतात. ती या प्रश्नाची सात वेगवेगळी उत्तरं आहेत.

टॉवर खरं तर त्या टकरीआधीच उभा होता. १९२० मध्ये क्रॉयडनला चारी बाजूंनी खिडक्या असलेली, जेमतेम पंधरा फूट उंचीची एक खोली बांधली गेली. जगातला पहिला कंट्रोल टॉवर म्हणून तिचं नाव घेतात. तिथून हवामान कळवायचं, कोण कुठे आहे ते सांगायचं. हुकूम द्यायचा नाही. (संकटात हाक मारायचा ‘मेडे’ हा शब्दही क्रॉयडनच्याच एका रेडिओ अधिकाऱ्यानं, फ्रेडरिक मॉकफर्डनं काढला. बरीचशी ये-जा ल बुर्जेशी होती, म्हणून फ्रेंचमधल्या ‘मला मदत करा’ या शब्दांचा उच्चार त्यानं उचलला.) अमेरिकेत सेंट लुइसला १९२९ मध्ये आर्ची लीग नावाचा माणूस हातगाडीत खुर्ची, छत्री, डबा आणि वही टाकून धावपट्टीच्या टोकाला जाऊन बसायचा. चौकटींचा झेंडा दाखवला की निघा, लाल दाखवला की थांबा. अमेरिकेतला पहिला हवाई वाहतूक नियंत्रक तो हाच. विमानतळापुरता प्रश्न झेंड्यांनी सुटत होता. मधल्या वाटेचं काय, हा प्रश्न १९३५ पर्यंत तसाच राहिला.

तो सरकारनं सोडवला नाही, हे मला गमतीचं वाटतं. १ डिसेंबर १९३५ रोजी चार विमान कंपन्यांनी मिळून न्यूअर्कला पहिलं केंद्र उघडलं. धंद्यात एकमेकांचे वैरी, पण ढगातून न्यूअर्कला उतरताना एकमेकांवर आदळणं कुणालाच परवडणारं नव्हतं. एक फळा, एक मोठा नकाशा आणि त्यावर सरकवायच्या पितळी खुणा. या खुणांना तिथे ‘श्रिम्प बोट’, म्हणजे कोळंबीच्या होड्या, म्हणत. नियंत्रक पायलटशी थेट बोलत नसे. पायलट आपल्या कंपनीच्या रेडिओवाल्याला सांगे, तो फोनवरून केंद्राला, केंद्राचं उत्तर पुन्हा त्याच मार्गानं उलट. जुलै १९३६ मध्ये सरकारनं हे काम आपल्याकडे घेतलं. फळा आणि होड्या तशाच राहिल्या, आणि बऱ्याच ठिकाणी मधला रेडिओवालाही. पुढच्या गोष्टीत त्याचं काम आहे.

३० जून १९५६, शनिवार. लॉस एंजेलिसहून सकाळी ९:०१ ला टीडब्ल्यूएचं सुपर कॉन्स्टेलेशन कॅन्सस सिटीकडे निघालं, ७० माणसं घेऊन. तीन मिनिटांनी युनायटेडचं डीसी-७ शिकागोकडे निघालं, ५८ माणसं घेऊन. टीडब्ल्यूएला ठरवून दिलेली उंची १९,००० फूट, युनायटेडला २१,०००. मध्ये दोन हजार फूट. इथवर सगळं चोख.

वाटेत ढग लागले. टीडब्ल्यूएच्या कॅप्टननं कंपनीच्या रेडिओवरून २१,००० फूट मागितले. निरोप केंद्राकडे गेला, केंद्रानं नकार दिला. कारण स्पष्ट होतं, त्या उंचीवर युनायटेड आहे. मग कॅप्टननं दुसरी मागणी केली, ‘वन थाउजंड ऑन टॉप’. म्हणजे मला ठरावीक उंची नको, ढगांच्या माथ्यावर निदान हजार फूट राहीन, आणि तिथून पुढे इतर विमानं मीच डोळ्यांनी बघेन. ही मागणी नियमात बसत होती. ती मंजूर झाली, आणि सोबत युनायटेडचं विमान त्या बाजूला आहे हेही कळवलं गेलं. त्या दिवशी ढगांचे माथे होते वीस हजारांच्या आसपास. त्यात हजार मिळवा. जी उंची पुढच्या दारानं नाकारली, तीच मागच्या दारानं मिळाली, आणि दोन्ही दारांवरच्या माणसांनी आपापलं काम नियमाप्रमाणे केलं होतं.

दोन्ही विमानांनी पुढे आपापल्या जागा कळवल्या. टीडब्ल्यूए: २१,००० फूट, पेंटेड डेझर्टची रेषा १०:३१ ला ओलांडू. युनायटेड: २१,००० फूट, पेंटेड डेझर्ट १०:३१. हे दोन्ही आकडे सॉल्ट लेक सिटीच्या केंद्रात एकाच नियंत्रकाकडे पोचले होते. त्यानं काही केलं नाही, कारण करणं त्याचं काम नव्हतं. त्या काळी नियंत्रण होतं ते ‘एअरवे’ नावाच्या दहा मैल रुंद पट्ट्यांत. ही दोन्ही विमानं पट्टा सोडून सरळ रेषेत चालली होती. वेळ वाचतो, आणि ग्रँड कॅन्यन दिसते म्हणून प्रवासीही खूश. पट्ट्याबाहेर कुणी कुणाला लांब ठेवायला बांधील नव्हतं. तिथे नियम एकच. बघा आणि दिसा.

साडेदहाच्या सुमारास युनायटेडच्या डाव्या पंखाचं टोक टीडब्ल्यूएच्या शेपटावर आदळलं. कोलोराडो आणि लिटल कोलोराडो या नद्यांच्या संगमाजवळच्या कड्यांवर दोन्ही कोसळली. १२८ माणसं. कुणी वाचलं नाही. एप्रिल १९५७ मध्ये आलेल्या सरकारी चौकशी अहवालात कारण दिलं आहे की पायलटांनी एकमेकांना वेळेत पाहिलं नाही. का नाही पाहिलं, हे सांगता येत नाही असं म्हणून अहवाल शक्यता मोजतो. मध्ये आलेले ढग, कॉकपिटच्या खिडकीची मर्यादा, इतर कामांत गुंतलेलं लक्ष, प्रवाशांना दरी दाखवण्याची धडपड, जमिनीवर अपुरी साधनं आणि अपुरी माणसं.

मला हा अहवाल वाचताना पहिली शक्यता सोडाच, पण मूळ अपेक्षाच चुकीची वाटते. थोडं गणित करू. दोन विमानं प्रत्येकी ताशी ३०० नॉटनं समोरासमोर आली, तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला सुमारे ३०० मीटरनं कमी होतं. एक किलोमीटर सव्वातीन सेकंदांत संपतो. समोर काहीतरी आहे हे दिसणं, ते विमान आहे हे कळणं, ते आपल्यावर येतंय हे उमगणं, काय करायचं ते ठरवणं, हात हलवणं आणि मग विमान हलणं, या सगळ्याला अमेरिकी विमान प्रशासनाच्याच हिशेबानं साडेबारा सेकंद लागतात. म्हणजे जवळजवळ चार किलोमीटरवरून समोरचं विमान दिसायला हवं. तेवढ्या अंतरावर सव्वातीन मीटर जाडीचं विमान समोरून म्हणजे एक ठिपका. ग्रँड कॅन्यनवर दोघं एकाच अंगाला चालले होते, समोरासमोर नव्हते, त्यामुळे वेळ जास्त होता. पण त्या बाजूनं खिडकीच्या चौकटी आणि आपलेच पंख आडवे येतात. शिवाय एक दगाबाज गोष्ट आहे, जी समुद्रावरच्या खलाशांना फार पूर्वीपासून माहीत होती. ज्याच्याशी आपली टक्कर होणार असते ते जहाज आपल्याला सरकताना दिसत नाही. ते खिडकीत एकाच जागी राहतं आणि फक्त मोठं होत जातं, तेही अगदी शेवटी. आपले डोळे हालचाल टिपायला घडलेले आहेत. टक्कर होणार नसलेली विमानं चटकन दिसतात. होणारी दिसत नाहीत.

या प्रकरणात मी अडकलो त्याला कामाचंही एक कारण आहे. पूर्वी मी जिथे होतो तिथे दोन टीमच्या सिस्टिम एकमेकींना निरोप पाठवायच्या. एक निरोप दोनदा गेला तर काय, याचं उत्तर दोन्ही टीमच्या कागदपत्रांत होतं: ते पलीकडचे बघतील. एका महिनाअखेरीला बऱ्याच लोकांच्या खात्यातून दोनदा पैसे वळते झाले. बैठकीत दोन्ही बाजूंनी आपापली कागदपत्रं वाचून दाखवली आणि दोन्ही बरोबर होती. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण मला त्या दिवशी नीट समजली. पैसे आठवड्यात परत गेले. ग्रँड कॅन्यनमध्ये तसं नव्हतं.

अमेरिकेत यानंतर पैसा सुटला, रडार आली, नियंत्रकांची भरती झाली. १९५७ च्या अखेरीस २४,००० फुटांवरचं सगळं आकाश नियंत्रित म्हणून जाहीर झालं. आता प्रश्न मिटला असं वाटावं, तर २१ एप्रिल १९५८ रोजी लास वेगसजवळ युनायटेडचंच एक डीसी-७ आणि हवाई दलाचं एफ-१०० आदळलं. पुन्हा २१,००० फूट. ४९ माणसं. आणि या वेळी प्रवासी विमान रीतसर एअरवेत, रीतसर परवानगीनं उडत होतं. लढाऊ विमान सरावात होतं, आणि ते ‘बघा आणि दिसा’च्या हिशेबात. नियंत्रित आकाश म्हणजे त्यातल्या सगळ्यांवर नियंत्रण, असा आपला समज असतो. तसं नव्हतं. नियंत्रक आपल्या यादीतल्या विमानांना एकमेकांपासून लांब ठेवत होता. यादीत नसलेल्यांबद्दल त्याला काही माहीतच नव्हतं. महिन्याभरात मेरीलँडवर तसंच आणखी एक घडलं, प्रवासी विमान आणि लष्करी जेट. त्याच ऑगस्टमध्ये कायदा होऊन एफएए ही संस्था जन्माला आली. काही पट्ट्यांत ढग असोत नसोत, प्रत्येक विमानानं नियंत्रकाच्या हुकमातच उडायचं असा नियम सुरू झाला. आजच्या ‘ए’ वर्गाचा पूर्वज तो हा.

आता अक्षरं. प्रत्येक देशानं आपापल्या अनुभवातून वेगवेगळे पट्टे आणि वेगवेगळी नावं तयार केली होती. सीमा ओलांडणाऱ्या पायलटला ती पाठ ठेवणं शक्य नव्हतं. १९४४ च्या शिकागो करारातून उभ्या राहिलेल्या आयकाओ या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९९० मध्ये सात वर्ग ठरवले. अमेरिकेनं ते सप्टेंबर १९९३ पासून वापरायला घेतले.

ते समजायला एवढंच लागतं की विमान दोन रीतींनी उडतं. एक, यंत्रं बघून, ढगातूनही: आयएफआर. दोन, डोळ्यांनी बाहेर बघून, ढग टाळून: व्हीएफआर. ‘ए’मध्ये डोळ्यांवर उडणाऱ्याला प्रवेशच नाही, सगळ्यांना सगळ्यांपासून लांब ठेवण्याची जबाबदारी नियंत्रकाची. अमेरिकेत १८,००० फुटांच्या वर हाच वर्ग. ‘बी’मध्ये डोळेवाले चालतात, पण परवानगीनं, आणि त्यांनाही नियंत्रक सांभाळतो. ‘सी’मध्ये यंत्रवाल्यांना सगळ्यांपासून जपतात; दोन डोळेवाल्यांना मात्र एकमेकांची फक्त खबर देतात. ‘डी’मध्ये आत यायला सगळ्यांनाच परवानगी लागते, पण लांब ठेवलं जातं ते फक्त दोन यंत्रवाल्यांना, बाकीच्यांच्या वाट्याला खबर. ‘एफ’ हा सल्ल्याचा वर्ग, बहुतेकांनी गुंडाळून ठेवलेला, त्याच्यावर शब्द खर्चत नाही. ‘जी’मध्ये कुणीच कुणाला लांब ठेवत नाही. विचारलंत तर माहिती मिळेल. आणि तुम्ही निघाल्याची कुणाकडे नोंद असेल तर, तुम्ही पोचला नाहीत तर शोधायला माणसं निघतील. या शेवटच्या सोयीला ‘अलर्टिंग सर्व्हिस’ म्हणतात. हवाई वाहतूक सेवांचा तो अधिकृत भाग आहे आणि तो ‘ए’पासून ‘जी’पर्यंत सगळीकडे लागू असतो.

सातांतला ‘ई’ मुद्दाम शेवटी ठेवला, कारण लास वेगसची गोष्ट त्यात अजून शिल्लक आहे. ‘ई’ हे नियंत्रित आकाश. यंत्रवाल्यांना एकमेकांपासून लांब ठेवलं जातं. पण डोळ्यांवर उडणारा तिथे परवानगी न घेता, रेडिओवर कुणाशी न बोलता येऊ शकतो. नियंत्रकाला तो रडारवर दिसला तर तो कळवेल, जमेल तितकं. म्हणजे ‘नियंत्रित’ या शब्दाखाली निम्मी वाहतूक नियंत्रणाबाहेर. काहींना ही पळवाट वाटते. मला हा सगळ्यांत प्रामाणिक वर्ग वाटतो. हौशी वैमानिकाला छोट्या विमानात उडू द्यायचं असेल तर काही आकाश त्याला मोकळं ठेवावंच लागतं, आणि त्याची किंमत काय हे ‘ई’ची व्याख्या स्वच्छ लिहून टाकते. १९५६ मध्ये फट होती, पण ती कुठेही लिहिलेली नव्हती. आता ती नकाशावर छापलेली असते.

मोठ्या विमानतळांभोवतीचा ‘बी’ही असाच जखमांतून घडला. २५ सप्टेंबर १९७८ ला सॅन दिएगोवर पीएसएचं बोइंग ७२७ एका सेस्नावर आदळलं, १४४ मृत्यू. नियंत्रकानं सेस्नाची खबर दिली होती, पायलट म्हणाले दिसतंय, आणि मग ते नजरेतून निसटलं. ३१ ऑगस्ट १९८६ ला लॉस एंजेलिसजवळ सेरिटोसवर एरोमेक्सिकोचं डीसी-९ आणि एक छोटं पायपर, ८२ मृत्यू. पायपर परवानगी न घेता बंद क्षेत्रात शिरलं होतं आणि आपली उंची कळवणारं यंत्र त्यात नव्हतं. त्यानंतर अशा क्षेत्रांत उंची सांगणारा ट्रान्सपाँडर सक्तीचा झाला, आणि प्रवासी विमानांत टीकॅस. टीकॅस म्हणजे दोन विमानांच्या यंत्रांनी परस्पर बोलून एकाला ‘वर जा’ आणि दुसऱ्याला ‘खाली जा’ सांगणं. बघण्याचं काम पहिल्यांदा माणसाकडून यंत्राकडे गेलं ते इथे.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात आला. भारताचं आकाश दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई अशा चार माहिती क्षेत्रांत वाटलेलं आहे. मुंबईचं क्षेत्र अरबी समुद्रावर लांबवर पसरतं. खुल्या समुद्रावरचं आकाश कुणाच्याच मालकीचं नसतं, तरी सेवा कुणी द्यायची हे वाटून घेतलेलं असतं. मला ही व्यवस्था फार आवडते. जमिनीवर मात्र मालक दोन आहेत, नागरी आणि लष्करी. पुण्यात लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, टॉवरवरचा आवाजही त्यांचाच. गोव्यात दाबोळीला तसंच नौदलाचं. २०२० मध्ये देशातलं फक्त ६० टक्के आकाश नागरी विमानांना मोकळेपणानं वापरता येत होतं, हे तेव्हा अर्थमंत्र्यांनीच सांगितलं होतं.

१९९६ च्या दिल्लीत या वाटणीमुळे येणाऱ्या आणि जाणाऱ्या नागरी विमानांना मिळून एकच वाट होती. पिकार्डीचा रस्ताच म्हणा, फक्त चौदा हजार फुटांवर. १२ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सौदियाचं बोइंग ७४७ दिल्लीहून निघालं, ३१२ माणसं. समोरून कझाकस्तान एअरलाइन्सचं इल्युशिन-७६ उतरत होतं, ३७ माणसं. नियंत्रकानं सौदियाला १४,००० फुटांवर धरलं आणि कझाक विमानाला १५,०००वर. मध्ये हजार फूट. समोर सौदियाचं विमान आहे, दिसलं की सांगा, असं त्यानं कझाक विमानाला कळवलंही. चौऱ्याहत्तर वर्षांनंतरही शेवटचा उपाय तोच, बघा.

दिल्लीत तेव्हा वापरात होतं ते प्रायमरी रडार. ते विमान कुठे आहे ते दाखवतं, किती उंचीवर आहे ते नाही. कझाक विमान १५,०००च्या खाली घसरत गेलं, ते नियंत्रकाच्या पडद्यावर दिसण्याची सोयच नव्हती; त्याला समोरून येणारे दोन ठिपके दिसत होते आणि ते एकमेकांवरून जाणं अपेक्षितच होतं. हरियाणातल्या चरखी दादरीच्या शेतांवर दोन्ही कोसळली. ३४९ जण गेले. हवेतल्या टकरींमध्ये आजवरचा सर्वांत मोठा आकडा.

न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटींच्या आयोगानं दोष कझाक विमानावर ठेवला, ठरलेली उंची सोडल्याचा. ते बरोबरच आहे. पण अहवालातला एक तपशील मला जास्त बोलका वाटतो. कझाक विमानात टॉवरशी बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा होता, आणि उंची दाखवणारं यंत्र त्याच्यासमोर नव्हतं. ज्याला हुकूम कळत होता त्याला उंची दिसत नव्हती. ज्यांच्यासमोर उंची होती त्यांच्यापर्यंत इंग्रजीतला हुकूम नीट पोचत नव्हता. कॅप्टन आणि केंद्र यांच्यामधला न्यूअर्कचा निरोप्या इथे विमानाच्या आतच बसलेला होता. आयोगाच्या शिफारशींनंतर दिल्लीत येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारं सेकंडरी रडार आलं, आणि भारतात उडणाऱ्या प्रवासी विमानांना टीकॅस सक्तीचं झालं.

आणि टीकॅस आल्यावरही एक गोष्ट उरली. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेनवर एक रशियन टुपोलेव्ह आणि डीएचएलचं मालवाहू बोइंग ७५७ एकाच उंचीवर, ३६,००० फुटांवर, एकमेकांकडे येत होते. आकाश जर्मनीचं, पण सेवा करारानं झुरिचकडे दिलेली. झुरिचमध्ये त्या रात्री सिस्टिमच्या देखभालीचं काम चालू होतं. ही बातमी आमच्या धंद्यातल्या कुणालाही ओळखीची वाटेल. असली कामं नेहमी रात्रीच काढतात, गर्दी कमी म्हणून. त्यामुळे टक्कर जवळ आल्याचा पडद्यावरचा इशारा बंद होता आणि फोनची मुख्य लाइनही. शेजारच्या कार्ल्सरूहे केंद्रात नियंत्रकांना धोका दिसत होता. त्यांनी फोन लावले, लागले नाहीत. झुरिचला पडद्यासमोर एकच माणूस, दोन जागा सांभाळत. त्याचं लक्ष गेलं तेव्हा मिनिटभरही उरलं नव्हतं. त्यानं टुपोलेव्हला ‘खाली या’ सांगितलं. त्याच सुमारास टुपोलेव्हच्या टीकॅसनं सांगितलं ‘वर जा’. डीएचएलच्या टीकॅसनं त्याला सांगितलं ‘खाली जा’, आणि तो यंत्राचं ऐकून खाली गेला. टुपोलेव्हच्या पायलटांनी माणसाचं ऐकलं. ७१ जण गेले, त्यांतली बहुतेक सुट्टीवर निघालेली मुलं.

यंत्र आणि माणूस वेगवेगळं सांगत असतील तर कुणाचं ऐकायचं, याचं उत्तर तेव्हा नियमांत निःसंदिग्ध नव्हतं. दीड वर्षापूर्वी, जानेवारी २००१ मध्ये, जपानवर नेमका हाच गोंधळ होऊन दोन प्रचंड विमानं थोडक्यात वाचली होती. तरी उत्तर लिहायला युबरलिंगेन व्हावं लागलं. आता नियम पक्का आहे. टीकॅसनं हुकूम दिला की तोच पाळायचा; नियंत्रकाला कळवायचं आणि त्यानं गप्प राहायचं. प्रत्येक अपघातातून विमानसेवा शिकली, असं वाक्य मी खूप ठिकाणी वाचलंय आणि मला ते फारसं पटत नाही. पिकार्डीनं १९२२ मध्ये सगळं सांगितलं होतं. जपाननं एकही बळी न घेता सांगितलं होतं.

सध्या हाच प्रश्न ४०० फुटांखाली आला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतात ड्रोन नियम आले आणि अक्षरांच्या जोडीला रंग आले. हिरव्या भागात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत परवानगी नको. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत. त्याच्या आत किंवा वर पिवळा, तिथे नियंत्रकाची परवानगी. लाल भागात केंद्र सरकारची. नकाशा वेबसाइटवर आहे, टिचकी मारली की रंग कळतो. ड्रोनमध्ये पायलट नसतो, त्यामुळे ‘बघा’ म्हणायला कुणी उरलेलं नाही. ते काम नियमांनी सरळ सॉफ्टवेअरकडे दिलंय. सरकार पुढे सक्तीची करू शकेल अशा सोयींची यादी नियमांतच आहे. आपण कुठे आहोत ते सतत कळवणारा बीकन, हद्द ओलांडू न देणारं कुंपण, आणि ‘नो परमिशन, नो टेकऑफ’: सर्व्हरकडून होकार आल्याशिवाय पंखे फिरणारच नाहीत. सर्व्हरकडून उत्तरच आलं नाही, किंवा ड्रोन हवेत असताना परवानगी मागे घेतली गेली, तर काय करायचं, हे मात्र कुणीतरी आमच्यासारख्यानंच एका ओळीत लिहायचं आहे.